टाकीखालचा वॉल्व्ह जाम होऊ देऊ नका

गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनला गेट वॉल्व्हपेक्षा (चाक बरेच फेरे फिरवून बंद होणारा) बॉल वॉल्व्ह (आत भोक असलेला गोळा फिरतो तो) बरा. पाव फेरा फिरवला की पाणी बंद, आणि दांडा पाइपला आडवा म्हणजे बंद, हे लांबूनही दिसतं. बोअरचं पाणी असेल तर आत क्षार धरतात. वर्षभर न हलवलेला वॉल्व्ह नेमका गळतीच्या दिवशी हटून बसतो. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. अर्धवट उघडा ठेवून धार कमी करू नका, आतली सीट, म्हणजे गोळा जिच्यावर घट्ट बसतो ती रिंग, खराब होते. पितळी वॉल्व्हच्या दांड्यापाशी पाणी पाझरतंय? नवा आणण्याआधी तिथला ग्लँड नट, म्हणजे दांड्याच्या बुडाशी असलेला नट, जरासा आवळून बघा. प्लास्टिकचा जाम झाला असेल तर पान्याने जोर नको, दांडाच हातात येतो.