किनाऱ्यावर घोडा पाळताय? या चुका टाळा

घोडी आणली ती सारंगखेड्याहून. दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी एवढे घोडे एका जागी बघितले की कोणाचंही डोकं फिरतं, माझंही फिरलं. डिसेंबरात ती अलिबागजवळच्या आमच्या वाडीत टेम्पोतून उतरली, तेव्हा अंगावर असं तेज होतं की शेजारची पोरं हात लावायला बिचकत. पुढच्या श्रावणात तिच्याकडे बघवत नव्हतं. बरगड्या वर आलेल्या, पाठीवर केसांचे पुंजके सुटलेले, खुरांना घाण वास. वाडीतल्या प्रत्येकाने उपाय सांगितला आणि मी प्रत्येक उपाय केला.

शेवटी शेजारचे काका आले. उभं आयुष्य टांगा हाकलेला माणूस. घोडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "तू दावणीला घोरा बांधलास, पन पालतोस बैल."

खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी काकांचं हेच वाक्य आहे. कोकणात गुरांचं ज्ञान घरोघरी असतं, घोड्याचं नसतं. त्यात घोडा घाटावरचा, कोरड्या हवेतला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला होता, रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. तो घोडाही इथे राहिला नाही, घाट चढून जुन्नरला गेला. किनारा ही घोड्याने उतरायची जागा, राहायची नव्हे, असं मला कधी कधी वाटतं. तरी आपण ठेवतोच.

वैरण जमिनीवर टाकणं

किनाऱ्यालगतच्या वाडीत ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात साधी दिसणारी. अंगण पुळणीचं. त्यावर गवताचा भारा सोडला की घोडा ओठांनी शेवटची काडी वेचेपर्यंत खातो, आणि प्रत्येक काडीबरोबर चिमूटभर वाळू पोटात जाते. ती सगळी लीदीतून बाहेर पडत नाही, मोठ्या आतड्यात साचत राहते. मग अधूनमधून पातळ लीद, खाण्यात मन नाही, मागे वळून पोटाकडे बघणं. एक दिवस जोराचा पोटशूळ उठतो. बैल रवंथ करतो, त्याचं पोट चार कप्प्यांचं. घोड्याचं जठर लहान, आतडं लांबलचक आणि वळणावळणाचं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं.

घरी करून बघण्यासारखी एक तपासणी आहे. ताज्या लीदीच्या ढिगातले वरचे पाच-सहा गोळे घ्या. जमिनीला टेकलेले घेऊ नका, नाहीतर अंगणातलीच वाळू मोजाल. ते काचेच्या बरणीत भरपूर पाण्यात कालवा आणि वीस मिनिटं ठेवून द्या. तळाशी वाळूचा थर बसला तर वाळू पोटात जातेय हे नक्की. थर नाही बसला म्हणून मात्र निर्धास्त राहू नका, कधी कधी वाळू आत अडकून बसते आणि लीदीत येतच नाही. आमच्या पहिल्या बरणीत बोटाच्या पेरभर वाळू बसली होती. ती बरणी मी बरेच दिवस पडवीत ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

उपाय महागडा नाही. वैरण उंच कडेच्या घमेल्यात किंवा टबात द्या आणि टबाखाली जुनी रबरी चटई टाका, म्हणजे सांडलेलंही वाळूत जाणार नाही. चंदी, म्हणजे दाणा, तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) द्या. घोडा उपाशीपोटी मोकळा सोडू नका, भुकेला घोडा वाळूतली मुळंसुद्धा उपटून खातो. इसबगोल पुष्कळ जण देतात, आमचे डॉक्टरही महिन्यातला एक आठवडा द्यायला सांगतात. पण इसबगोल चालू आहे म्हणून वैरण पुन्हा वाळूवर टाकणारेही मी बघितले आहेत.

पेंढा, कोंडा आणि कोंबडीखाद्य

भातकापणी झाली की दारात पेंढ्याची उडवी उभी राहते, आणि ती फुकटच असते. गाय खाते, मग घोडा का नाही? खातो की. पण भाताच्या पेंढ्यात पोषण कमी, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. त्याच्या जोडीला आपण प्रेमाने कोंडा देतो. कोंड्यात फॉस्फरस भरमसाट, कॅल्शियम नावाला. हे महिनोन्महिने चाललं की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. घोडा आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडतो, कारण सापडत नाही, आणि पुढे जबड्याची हाडं सुजून तोंड रुंद दिसायला लागतं. जुन्या काळी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा आजार व्हायचा, कारण कोंडा त्यांना आयता मिळायचा.

आता आमच्याकडे पाया सुक्या गवताचा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो सुकं गवत, तीन-चार वेळा विभागून. त्यात थोडा लसूणघास, तो घाटावरून आणावा लागतो, पण कॅल्शियम त्यातूनच मिळतं. हरभरा आणि जव कामाच्या मानाने, एका वेळी दीड किलोच्या वर कधीच नाही. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. घोड्याच्या आतड्यातले जीवाणू नव्या खाण्याला एका दिवसात सरावत नाहीत. मे महिन्यात झाडाखाली पडलेले आंबे आणि फणसाचे गरे घोड्याच्या आवाक्यात ठेवू नका. साखर भसकन पोटात गेली तर पोट बिघडतं आणि खुरांच्या आतल्या थरांना सूज येते. ती एकदा आली की घोडा पूर्वीसारखा चालेलच असं नाही.

आणि कोंबड्यांचं खाद्य. पोत्यात थोडं उरलं म्हणून, वाया जायला नको म्हणून, कोणी घोड्यापुढे टाकतं. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, काही पशुखाद्यांतही असतं. कोंबडीला ते सोसतं. घोड्याला थोडंसंही हृदयावर बसतं आणि तो जातो, त्यावर उतारा नाही. पोतं वेगळं ठेवा, घमेलं वेगळं ठेवा, गडीमाणसांनाही सांगून ठेवा.

पावसाळ्यात तेल चोळणं

अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घ्यायला हा प्राणी घडलेला नाही. भिजला तर चालतो, सतत ओला राहिला तर चालत नाही. पाठीवर खपल्या धरून केस पुंजक्यांनी निघायला लागले की घरातला पहिला सल्ला खोबरेल तेलाचा. मीही चोळलं. ओल्या त्वचेवर तेल म्हणजे आतली ओल आतच कोंडणं, आणि त्या जीवाणूला तेच हवं असतं. ओली झूल घालून ठेवणं ही त्याची बहीण. अंग पुसून कोरडं करा, खपल्या कोमट पाण्याने मऊ करून अलगद काढा, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने धुवा आणि पुन्हा कोरडं करा. एका घोड्याचा खरारा दुसऱ्याला वापरू नका.

खुरांचंही तसंच. तळाशी रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत लीद आणि चिखल बसतो. चार दिवस काढला नाही की काळा, कुजका वास येणारा स्राव सुरू होतो. रोज दोनदा खूर उचलून आकड्याने साफ करणं याला पर्याय नाही. मोरचूद भसाभस भरणारे लोक आहेत, जिवंत मांसाला ते भाजतं. तबेल्याची जमीन उताराची करा, पाणी आणि मूत थांबायला नको. झोपायला कोरडी जागा हवीच. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवंच व्हावं लागतं, आणि चिखलात तो आडवा होत नाही. नालबंद सहा-आठ आठवड्यांनी यायलाच हवा. आमच्याकडे तो लांबून येतो आणि पावसात यायला कुरकुरतो, म्हणून जूनच्या आधीच पुढच्या तारखा ठरवून घेतो. धनुर्वाताची लस दरवर्षी टोचून घ्या. घोड्याइतका या रोगाला हळवा प्राणी क्वचितच, आणि वाडीत गंजका खिळा कुठे ना कुठे असतोच.

ताप उतरला म्हणून गप्प बसणं

पाऊस ओसरताना चावऱ्या माशा वाढतात आणि सर्रा नावाचा रोग येतो. ताप चढतो, आपोआप उतरतो, पुन्हा चढतो. मधल्या दिवसांत घोडा बरा दिसतो, म्हणून आपण रक्त वाढायचं टॉनिक देऊन स्वस्थ बसतो. तोवर तो वाळत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, मागचा भाग लटपटायला लागतो. या रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० मध्ये डेरा इस्माइल खान भागातल्या घोड्या-उंटांच्याच रक्तात सापडला. म्हणजे रोग जुना आहे, औषधही आहे, उशीर फक्त आपला होतो. ताप असतानाच रक्त तपासायला द्या. एकाच सुईने दोन घोड्यांना इंजेक्शन देऊ देऊ नका, मग टोचणारा कितीही ओळखीचा असो.

नाकातून घट्ट चिकट स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर गोष्ट आणखी वेगळी. तो ग्लँडर्स असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. घोडा वेगळा बांधा, हात लावणं थांबवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००९ च्या कायद्याने हा रोग कळवणं बंधनकारक आहे.

लाटेपुढे चाबूक

आता शिकवण्याबद्दल. घोडी पहिल्यांदा लाट बघून बुजली तेव्हा मी लगाम खेचला, टाच मारली, शेवटी चाबूक काढला. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि मी पुळणीत. दुसऱ्या दिवशी ती समुद्राच्या वाटेलाच लागेना. मी तिला शिकवलं ते एवढंच, की समुद्र म्हणजे मार.

घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. लगामाचा ताण, पायाचा दाब, दोरीची ओढ, यातलं काहीही त्याने योग्य पाऊल टाकल्याच्या क्षणी सोडलं तर त्याला कळतं की हेच हवं होतं. दोन सेकंद उशीर झाला तर दाब कशासाठी सुटला हे त्याला कळत नाही, आणि मार उशिरा बसला तर तो कशासाठी बसला हेही नाही. शिवाय त्याचे डोळे बाजूंना. नाकासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही, आणि पायांखाली सरकत येणारी पांढरी रेघ त्याला जमीनच हलल्यासारखी वाटत असणार.

आम्ही मग काकांच्या म्हाताऱ्या घोड्यामागून सुरुवात केली. खाली उतरून, दोरी हातात धरून. दोरी हाताला गुंडाळून कधीच नाही, बोटं गमावलेली माणसं किनाऱ्यावर आहेत. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, जेव्हा पाणी फार वर-खाली होत नाही. लाट मागे जात असेल तेव्हा तिच्या मागे दोन पावलं टाकायची, ती परत यायच्या आत वळायचं. पळणाऱ्या वस्तूच्या मागे जाताना घोड्याला धीर येतो. दिवसाला दहा मिनिटं, बस्स. बाराव्या दिवशी ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि खुराने पाणी उडवत होती. शिमग्याच्या ढोलांची सवयही अशीच लावली, लांबून जवळ.

भरतीची वेळ कोळ्यांच्या हिशोबाने कळते. तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचारच्या सुमाराला भरती, मग ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हिशोब ढोबळ आहे, पण दौडीसाठी पुरतो, कारण दौड फक्त ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर. वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत पर्यटकांसाठी घोडे पळवलेले दिसतात, त्यात पुढच्या पायांच्या मागच्या शिरा ताणतात. रोज संध्याकाळी चारही पायांवरून तळहात फिरवा. एखादी जागा इतरांपेक्षा गरम लागली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, बसतो तिथे. सुकलेलं मीठ कातड्याखाली घासून जखम करतं.

दमट उन्हात काम

एप्रिल-मेमध्ये आकडा पस्तीसच्या आत असतो, म्हणून घाटावरचे पाहुणे म्हणतात ऊन कुठाय. पण हवेतल्या ओलीमुळे घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही. काम सकाळी आठच्या आत संपवा. घोडा दमून आला की अंगभर पाणी ओतत राहा, श्वास शांत होईपर्यंत. गरम स्नायूंवर थंड पाणी पडलं की घोडा आखडतो, हे खोटं आहे. घामातून मीठ फार जातं, म्हणून मिठाचा खडा आणि भरपूर पाणी कायम समोर हवं. आणि घोडा धापा टाकतोय पण अंग कोरडं आहे, असं दिसलं तर खूश होऊ नका. दमट हवेत काही घोड्यांचा घामच बंद पडतो. त्या घोड्याचं काम तिथेच थांबवा.

रात्री पोट दुखलं तर

बैलाला बांबूच्या नळीने तेल पाजतात तसं घोड्याला पाजू नका. ते फुप्फुसात जातं. खाणं काढून घ्या, जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजा. निवांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४, साठच्या वर गेली तर थांबायला वेळ नाही. कुशीला कान लावून ऐका, आतडी गुरगुरत नसतील तर तेही डॉक्टरांना फोनवर सांगा. किनाऱ्यावरचे बहुतेक डॉक्टर गुरांचे आहेत आणि तसं ते स्वतःच सांगतात, त्यांना दोष नाही. म्हणून घोड्यांचं बघणारा एक डॉक्टर आधीच शोधून, एकदा घोडा दाखवून ठेवा. आमच्या तबेल्याच्या दारावर त्यांचा नंबर रंगाने लिहिलाय, अंधारात बॅटरीच्या उजेडात वाचता येईल एवढा मोठा.

कुंपणाचं राहिलंच. कोकणातल्या प्रत्येक परसात कण्हेर असते, लाल नाहीतर पिवळी, आणि दोन्हींची मूठभर पानं घोड्याला मारायला पुरतात. छाटलेली, सुकलेली पानंसुद्धा. आमच्या कुंपणाला आईने लावलेली लाल कण्हेर होती, पूजेच्या फुलांसाठी. मुळासकट काढली तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता फुलं काकांच्या बायकोकडून येतात, आणि घोडीला गूळ द्यायला रोज सकाळी आईच जाते. सुपारीएवढाच द्यायचा, असं मी सांगितलंय. किती देते ते बघायला मी जात नाही.