संशोधन वाचून औषध ठरवताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिपोर्ट सुधारला की पेशंट सुधारला असं धरून चालणं. १९८०च्या दशकात अमेरिकेत हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके दिसले की एन्केनाइड किंवा फ्लेकेनाइड दिलं जाई. असे ठोके पडणाऱ्यांत अचानक मृत्यू जास्त, औषधाने ठोके दबतात, मग मृत्यूही टळणारच, असा तर्क. हा तर्क तपासणाऱ्या 'कास्ट' ट्रायलमध्ये मुद्दाम ज्यांचे ठोके औषधाने दबले तेच पेशंट घेतले. सरासरी १० महिन्यांत औषधाच्या गटातले ७५५ पैकी ६३ दगावले, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) गटातले ७४३ पैकी २६. ठोके कमी आणि मृत्यू दुपटीहून जास्त!

म्हणून पेपर हातात आला की आधी प्रायमरी आउटकम, म्हणजे ट्रायलने मुख्यतः काय मोजलं ते, शोधा. तिथे मृत्यू, अटॅक, लकवा असं पेशंटच्या आयुष्यात घडणारं काही आहे, की नुसता लॅबचा आकडा? बीपी कमी केल्याचा फायदा अनेक ट्रायल्समध्ये कसाला उतरलाय. ती सवलत प्रत्येक आकड्याला देऊ नका. नवं औषध पहिल्याच महिन्यात लिहायची घाई तर मुळीच नको.

दुसरी चूक: आपला पेशंट त्या ट्रायलमधल्यांसारखा आहे का, हे न बघणं. २०२०च्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' ट्रायलमध्ये कोविडने हॉस्पिटलात दाखल झालेल्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांऐवजी २९.३ टक्के झाले, ऑक्सिजनवरच्यांचे २६.२ ऐवजी २३.३. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात मात्र १४ टक्क्यांच्या जागी १७.८, म्हणजे फायदा नाहीच, नुकसानीची शंका. हे छापून आलेलं असतानाही २०२१च्या लाटेत आपल्याकडे नुसत्या तापावर, रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के असताना, घरी स्टेरॉइड सुरू झालं. शुगर न तपासता, डोस वाढवून, दोन-दोन आठवडे. म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) डोळा नाहीतर जबडा गमावलेल्यांत असे कितीतरी होते. स्टेरॉइड लिहिण्याआधी बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि शुगर बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

'३१ टक्के फायदा' वाचून भुलू नका. स्कॉटलंडच्या 'वॉस्कॉप्स' ट्रायलमध्ये प्रावास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने ५ वर्षांतला हृदयविकाराचा धोका ७.९ टक्क्यांवरून ५.५ वर आला, तोच हा '३१ टक्के'. वजाबाकी २.४, १०० भागिले २.४, म्हणजे साधारण ४२ जणांनी ५ वर्षं गोळी घेतली तर एकाचा त्रास टळतो. समोरच्याचा मुळातला धोका २ टक्केच असेल तर हाच आकडा १६०च्या आसपास जातो. पेशंटला हेच सांगा, टक्केवारी नको.

उपगटांच्या (ट्रायलमधल्या पेशंटचे वय वगैरेंनुसार पाडलेल्या छोट्या गटांच्या) तक्त्यावरून औषध ठरवू नका: १९८८च्या 'आयसिस-२' या हार्ट अटॅकवरच्या ट्रायलमध्ये अ‍ॅस्पिरिनचा फायदा स्पष्ट होता, पण राशीनुसार गट पाडल्यावर मिथुन आणि तूळवाल्यांत तो दिसेना. गट पाडत गेलं की निव्वळ योगायोगानेही असं दिसतं, हे दाखवायला संशोधकांनी तो तक्ता मुद्दाम छापला होता.