आजारी फेरेटचं पालकत्व घ्यायचंय?

फेरेट म्हणजे मुंगसाचा लांबचा भाऊ, असं मी आईला फोनवर सांगते. खरं तर तो पाणमांजराच्या कुळातला, पण तिला मुंगूस कळतं.

इथे इंग्लंडात लीड्सजवळच्या एका निवाऱ्यातल्या बिस्किट नावाच्या फेरेटसाठी मी दरमहा 10 पौंड देते, हेच माझं पालकत्व. त्याला इन्सुलिनोमा आहे: स्वादुपिंडात गाठी, त्यामुळे रक्तातली साखर सारखी खाली जाते. सकाळ-संध्याकाळ प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, दर तीन-चार तासांनी मांसाचं खाणं. मी भेटायला गेले तेव्हा त्याचे मागचे पाय लटपटत होते, लाळ गळत होती. तिथल्या बाईंनी बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळला, मग खायला घातलं. थोड्या वेळाने स्वारी माझ्या बुटाची नाडी ओढायला हजर!

पैसे द्यायच्या आधी विचारा, ते याच जनावराला की सगळ्यांच्या औषधांना? मला दुसरं पटतं. अ‍ॅड्रिनल म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीच्या आजारात डेस्लोरेलिन या औषधाचं इम्प्लांट कातडीखाली बसवतात, ते साधारण वर्ष-दोन वर्षांनी बदलावं लागतं आणि तो खर्च एकदम अंगावर येतो. आपला फेरेट दगावला तर पैसे कुठे वळवणार, हेही विचारा. मला विचारायला जड गेलं, पण बाईंना सवय होती.

संस्था नोंदणीकृत धर्मादाय असेल आणि तुम्ही इथे पुरेसा आयकर भरत असाल, तर गिफ्ट एड या सरकारी योजनेचा फॉर्म भरा. पौंडामागे 25 पेन्स सरकार त्यांना देतं. मी वेंधळी, वर्षभर भरलाच नव्हता.

खाऊ पाठवायची हौस असेल तर गोड अजिबात नको; मध फक्त साखर एकदम उतरल्यावरचा उपाय. जुन्या मऊ चादरी पाठवा, त्या रोज धुवायला लागतात.