ओपन रेल्समध्ये एआय गाड्या अडकतात? या चुका टाळा

“सिग्नल लालच राहतो, गेममध्ये बग आहे.” ओपन रेल्स या मोफत रेल्वे सिम्युलेटरबद्दल नवीन मंडळींची ही तक्रार वर्षानुवर्षं ऐकतोय. बहुतेक वेळा सिग्नलचं काही चुकलेलं नसतं. पुढचा ब्लॉक, म्हणजे दोन सिग्नलांमधला रुळाचा तुकडा, व्यापलेला असतो, नाहीतर दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवलेला असतो. आधी ती गाडी शोधा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे कंट्रोल+९ दाबून डिस्पॅचर विंडो (गाड्या आणि सिग्नल दाखवणारा नकाशा) उघडायची आणि लाल सिग्नलला थेट ‘प्रोसीड’, म्हणजे ‘जा’, द्यायचं. एकेरी मार्गावर असं केलंत तर दोन गाड्या समोरासमोर येऊन उभ्या राहतात. एआय गाडी, म्हणजे संगणक चालवतो ती, आपल्या मनाने मागे येत नाही, त्यामुळे अख्खी ॲक्टिव्हिटी (आखून दिलेला खेळ) तिथेच संपते. हाताने ‘स्टॉप’ दिलेला सिग्नल तर परत ‘सिस्टिम कंट्रोल्ड’ (गेमच्या ताब्यात) करेपर्यंत लालच राहतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात. मी आधी गेम पॉझ करतो. मग माहितीची पानं उघडायला एफ५, आणि डिस्पॅचरची माहिती असलेलं पान येईपर्यंत शिफ्ट+एफ५. तिथे प्रत्येक एआय गाडीची अवस्था दिसते: एसटीए म्हणजे स्टेशनात थांबलेली, डब्ल्यूटीपी म्हणजे वेटिंग पॉइंटवर (पाथमध्ये म्हणजे गाडीच्या आखलेल्या मार्गात ठरवून दिलेल्या थांब्यावर), एसटीपी म्हणजे इतर कुठेतरी उभी. कोण कुणामुळे अडलंय ते या पानावरून कळतं. पण हे पान वाचायला लागणारा धीर फार थोड्यांकडे असतो.

दुसरी मोठी चूक क्रॉसिंगची. कोकण रेल्वेने प्रवास केलेल्या माणसाला क्रॉसिंग समजावून सांगावं लागत नाही: एक गाडी लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घेतात, दुसरी निघून जाते. पण सिम्युलेटरमध्ये ही लूप आपोआप वापरली जात नाही. ओपन रेल्स ज्याच्या फाइली वापरतं त्या २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या ॲक्टिव्हिटी एडिटरमध्ये पाथ आखताना पासिंग पाथही (लूपमधून जाणारा पर्यायी मार्ग) आखावा लागतो, आणि एरवी ज्या गाडीच्या पाथमध्ये तो आहे तिलाच तो वापरता येतो. ओपन रेल्समधला ‘लोकेशन-लिंक्ड पासिंग पाथ प्रोसेसिंग’ हा पर्याय चालू केला, तर तुमच्या गाडीचा पासिंग पाथ सगळ्यांना मिळतो आणि गाडीची लांबीही विचारात घेतली जाते.

ही लांबी किती छळते ते एका मित्राच्या ॲक्टिव्हिटीत पाहिलं. त्याने ५८ बॉक्स-एन वाघिणी, दोन डब्ल्यूएजी-९ इंजिनं आणि ब्रेकव्हॅन अशी मालगाडी लूपला घेतली होती. समोरची एक्स्प्रेस स्टेशनाबाहेरच्या होम सिग्नलला खिळून उभी. त्याने सिग्नलची स्क्रिप्ट बदलली, रूट (गेममधला रेल्वेमार्ग) पुन्हा इन्स्टॉल केला, शेवटी सिग्नल जबरदस्तीने हिरवा केला. मी फक्त बेरीज केली. एक वाघीण साधारण १०.७ मीटर, म्हणजे ५८ च्या ६२१. दोन इंजिनांचे ४१, ब्रेकव्हॅनचे १४. एकूण ६७६ मीटर. भारतीय रेल्वेच्या नेहमीच्या ६८६ मीटरच्या लूपमध्ये ही गाडी बसली असती, पण त्या रूटमधली लूप ६४० चीच होती. शेपूट फाउलिंग मार्कच्या (लूपची सुरक्षित हद्द दाखवणारी खूण) बाहेर, रूळ जुळतात त्या पॉइंटवर, मग होम सिग्नल सुटणार कसा? सहा वाघिणी काढल्या आणि एक्स्प्रेस निघाली. मी स्वतः लूपच्या लांबीपेक्षा गाडी निदान पंचवीस-तीस मीटर आखूडच ठेवतो.

वेटिंग पॉइंटचा आकडा सेकंदांत असतो. १०:३२ पर्यंत थांबवायचं म्हणून १०३२ टाकलंत तर गाडी सतरा मिनिटं थांबेल. घड्याळाच्या वेळेसाठी ३१०३२ लिहा.

एआय गाडी जिथून सुरू होते तिथला ट्रॅक तिच्या पूर्ण लांबीइतका मोकळा हवा.

तुमच्याच गाडीपुढे सिग्नल लाल असेल तर थांबा आणि टॅब दाबून परवानगी मागा. ओलांडून गेलात तर गाडी तुमच्या ताब्यातून जाते आणि इमर्जन्सी ब्रेक लागतो.

दुसऱ्या रूटच्या सिगसीएफजी आणि सिगएससीआर या सिग्नलांची रचना आणि वागणूक ठरवणाऱ्या फाइली उचलून आपल्या रूटमध्ये टाकू नका. त्या त्या रूटच्या सिग्नलांसाठीच लिहिलेल्या असतात. टाकल्या असतील तर मूळ फाइली परत आणा आणि डेस्कटॉपवरची ओपनरेल्सलॉग फाइल (गेमने केलेल्या चुकांच्या नोंदी) उघडून पाहा. मदत मागायला आलात तरी मी सगळ्यात आधी तीच मागणार आहे.