घरासमोर फुलांचा वाफा करायचाय? रोपं नंतर आणा, आधी माती बघा

दरवर्षी पहिला पाऊस पडला की लोक नर्सरीत जातात, डझनभर रोपं उचलून आणतात आणि गेटच्या बाजूला खड्डे करून लावून टाकतात, आणि मग गणपतीपर्यंत निम्मी मेलेली असतात. रोपांची काही चूक नसते हो, खाली माती मेलेली असते. आमच्याकडे साताऱ्यात अंगणात काळी माती आहे आणि नवीन घर असल्यामुळे वर बांधकामाचं सगळं उरलेलं, म्हणजे विटांचे तुकडे, खडी, वाळलेला सिमेंटचा माल असं दडपलेलं होतं, त्यामुळे हे सगळं अनुभवावरून सांगतेय.

आधी ऊन बघा. सकाळी, दुपारी, चार वाजता अशा तीन वेळा जाऊन बघायचं की ऊन कुठे पडतं. झेंडू, शेवंती, निशिगंध यांना किमान 5-6 तास तरी थेट ऊन पाहिजे, अबोलीला थोडी सावली चालते. भिंतीला चिकटून वाफा करू नका प्लीज, निदान दीड-दोन फूट जागा सोडा. मी पहिल्या वर्षी अगदी भिंतीलगत केला होता आणि पावसाळ्यात आतल्या खोलीला ओल आली, मग सगळा उपसून पुढे सरकवावा लागला.

जागा ठरली की रांगोळीने जमिनीवर आकार काढून बघा, आवडला नाही तर पुसून परत काढता येतो. रुंदी 3 फूट ठेवा, 4 फुटांच्या वर तर नकोच, कारण मधलं तण काढायला हात पोचला पाहिजे, एकदा वाफ्यात पाय द्यायला लागलात की भुसभुशीत केलेली माती परत दबते.

आता मुख्य काम. एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरलं की परत भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तिथे सपाट वाफा चालणार नाही, गादीवाफाच करायचा, म्हणजे जमिनीपासून 6-8 इंच उंच. काळ्या मातीत बहुतेक वेळा हेच करावं लागतं. खणायची वेळ पण महत्त्वाची आहे, वाळलेली काळी माती दगडासारखी असते आणि ओली असताना खणली तर ढेकळं होऊन ती उन्हात विटांसारखी कडक होतात, म्हणून वळवाचा पाऊस पडून गेल्यावर वाफसा आला, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशी झाली, की खणायचं. मूठभर माती दाबून बघा, गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, हाताला चिकटली तर अजून दोन दिवस थांबा.

फूटभर खणताना हरळी आणि लव्हाळा मुळासकट काढा. लव्हाळ्याच्या त्या छोट्या काळ्या गाठी राहिल्या की महिन्याभरात परत उगवतो, त्यामुळे बसून हाताने वेचा, कंटाळा करू नका. सिमेंटचे तुकडेही सगळे बाहेर.

मग खत. 10 फूट बाय 3 फुटांच्या वाफ्यावर 2 इंचांचा थर द्यायचा म्हटलं तर साधारण 10-12 घमेली शेणखत लागतं. ते पूर्ण कुजलेलं पाहिजे, काळं, भुसभुशीत, वास नसलेलं. ताजं शेण टाकलं तर मुळं जळतात आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, पण येते. सोबत दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. बरेच जण सांगतात की काळ्या मातीत वाळू टाका, पण थोड्याशा वाळूने काही होत नाही, माती मोकळी होते ती शेणखताने आणि पालापाचोळ्यानेच. सगळं नीट मिसळून उंच गादी करा, कडेला विटा तिरक्या रोवा आणि पाणी घराकडे न येता गेटकडे जाईल असा उतार ठेवा. पंधरा दिवस माती बसू द्या मगच लावा.

दसऱ्याला घरचा झेंडू पाहिजे असेल तर साधारण 90 दिवस आधी बी टाका, म्हणजे बहुतेक वर्षी जुलैत. पावसाच्या माऱ्यात बी वाहून जातं, म्हणून ट्रेमध्ये व्हरांड्यात रोपं करा आणि 4-5 पानं आली की फूट-सव्वा फूट अंतराने लावा, जवळजवळ लावलात तर हवा खेळत नाही आणि बुरशी येते. तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडायचा, जीवावर येतं मला माहितीये, पण त्यानेच फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात.

शेवंतीचं एक फार कमी जणांना माहीत असतं. तिला कळ्या यायला लांब रात्र लागते, म्हणून ती दिवस लहान व्हायला लागल्यावर फुलते. पोर्चचा दिवा किंवा रस्त्यावरचा लाइट रात्रभर तिच्यावर पडत असेल तर झाड हिरवंगार राहतं आणि कळीच धरत नाही. आमची दोन कुंड्यांमधली शेवंती अशीच अडली होती, अंधाऱ्या कोपऱ्यात हलवल्यावर फुलली. गेटजवळ दिवा असेल तर तिथे सदाफुली लावा.

लावून झालं की उघड्या मातीवर वाळलेल्या पानांचा दोन इंच थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. आणि दसऱ्याला सगळीच फुलं तोरणात घालू नका, गावठी झेंडूची चार चांगली मोठी फुलं झाडावरच वाळू द्या, पूर्ण तपकिरी झाली की काढून कागदाच्या पाकिटात ठेवा, पुढच्या जुलैचं बी झालं.