आर्डुइनोने बॅटरीचं व्होल्टेज अचूक मोजायचं तर एडीसी असा कॅलिब्रेट करा

आर्डुइनो ऊनोने १२ व्होल्टची बॅटरी कशी मोजायची असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: दोन रेझिस्टरचा डिव्हायडर (व्होल्टेज ठरावीक पटीने कमी करणारी जोडी) लावा, आलेल्या आकड्याला पाचने गुणा, १०२३ने भागा, झालं. नुसता अंदाज हवा असेल तर हे चालेल. लेड-ॲसिड बॅटरीला हे पुरत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी लोड काढून ठेवली की १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते आणि अर्धी उतरली की १२.१-१२.२च्या आसपास येते. अर्ध्या बॅटरीचा सगळा हिशोब अर्ध्या व्होल्टात बसतो. मोजण्यातच पाव व्होल्टाची चूक असेल तर त्या आकड्यावर इन्व्हर्टर बंद करायचा की चालू ठेवायचा, हे ठरवता येत नाही.

जोडणी

बॅटरीच्या प्लसपासून १५० किलोओहम, त्याखाली १० किलोओहम ग्राउंडला, आणि मधला बिंदू आर्डुइनोच्या ए-शून्य या ॲनालॉग पिनला. व्होल्टेज सोळा पटीने कमी होतं. रेझिस्टर एक टक्क्याचे मेटल फिल्मच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी ते सहज मिळतात. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या एडीसीला, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला, सिग्नल देणाऱ्या बाजूचा रोध १० किलोओहम किंवा त्याहून कमी हवा असतो आणि ही जोडी ९.४ किलोओहमला बसते. बॅटरीवरचा भार कमी करायचा म्हणून थेट मेगाओहमचे रेझिस्टर लावू नका. एडीसीच्या आतला छोटा कॅपॅसिटर वेळेत भरत नाही आणि आकडे भरकटतात. १० किलोओहमला समांतर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावा.

डिव्हायडरचं खालचं टोक आर्डुइनोच्या स्वतःच्या ग्राउंड पिनलाच जोडा. ते बॅटरीपाशी जोडलं आणि ग्राउंडच्या वायरमधून लोडचा करंट वाहत असेल, तर त्या वायरवरचा ५० मिलिव्होल्टचा फरक सोळा पटीने वाढून ०.८ व्होल्टची चूक होते. पंप चालू झाला की रीडिंग उडी मारतं, या तक्रारीत मी सगळ्यात आधी हीच वायर पाहतो.

रेफरन्स: सगळं इथे अडतं

एडीसी व्होल्टेज मोजत नाही, तुलना करतो. पिनवरचं व्होल्टेज रेफरन्सच्या किती हिस्सा आहे, एवढंच तो १०२४ भागांत सांगतो. ऊनोवर काही न सांगता घेतलेला रेफरन्स म्हणजे बोर्डाचा पाच व्होल्टचा सप्लाय, आणि तो नेमका पाच कधीच नसतो. यूएसबी २.०च्या मूळ नियमातच ४.७५ ते ५.२५ची मोकळीक आहे, शिवाय केबलमध्ये आणि बोर्डावरच्या फ्यूजमध्ये थोडं व्होल्टेज पडतं. लॅपटॉपवर बसून काळजीपूर्वक कॅलिब्रेशन करायचं आणि मग तोच बोर्ड ॲडॅप्टरवर चालवायचा, म्हणजे रेफरन्स बदलला आणि केलेलं सगळं काम वाया गेलं. मला या टप्प्याने सर्वांत जास्त छळलं, कारण आकडा चुकतोय हे दिसत होतं, पण टेबलावर आणून तपासला की तोच आकडा बरोबर यायचा.

म्हणून चिपच्या आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स घ्या. त्यावर लगेच हरकत येते की तो १.० ते १.२ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो, मग तो अचूक कसा? तो अचूक नाहीच, आणि असायची गरजही नाही. तुमच्या हातातल्या चिपमध्ये तो जो काही आहे, तो सप्लाय बदलला तरी जवळपास तिथेच राहतो. स्थिर चूक मोजून काढता येते, हलती चूक काढता येत नाही. कॅलिब्रेशनचा पाया एवढाच आहे. जास्त रीडिंगची सरासरी घेतली की अचूकता वाढते, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. सरासरीने थरथर कमी होते. चुकीच्या रेफरन्सची हजार रीडिंग घेतली तरी उत्तर चुकीचंच येईल.

आता यातली खरी अडचण. सेटअपमध्ये (प्रोग्रामचा सुरुवातीला एकदाच चालणारा भाग) ॲनालॉगरेफरन्स हे फंक्शन वापरून रेफरन्स इंटरनल करा, पण तेवढ्याने चिपमध्ये काहीच बदलत नाही. ती निवड फक्त लक्षात ठेवली जाते आणि पुढच्या ॲनालॉगरीडच्या (पिन वाचणाऱ्या फंक्शनच्या) वेळी लागू होते. त्यामुळे ॲनालॉगरीड न करता ए-रेफ या रेफरन्सच्या पिनवर मीटर लावलं की १.१ दिसतच नाही आणि माणूस बोर्डालाच दोष देतो. आधी एक ॲनालॉगरीड करून ते रीडिंग फेकून द्या. मग ५० मिलिसेकंद थांबा, कारण ए-रेफवरच्या कॅपॅसिटरला १.१वर स्थिरावायला वेळ लागतो. त्यानंतरची आणखी दोन-चार रीडिंगही फेका. आता ए-रेफवर मीटर लावलं तर १.०८ किंवा १.११ असं काहीतरी दिसेल. ते १.० ते १.२च्या आत असलं की पुढे चला.

ए-रेफ पिनला या अवस्थेत बाहेरून काहीही जोडू नका. आतला रेफरन्स चालू असताना तिथे ३.३ व्होल्टची वायर लावली तर दोन सप्लाय एकमेकांना भिडतात आणि चिप जाऊ शकते.

दोन बिंदू

ए-रेफचा आकडा सूत्रात घालायचा, रेझिस्टर मीटरने मोजून गुणोत्तर काढायचं, मग सगळ्याचा गुणाकार करायचा, ही पद्धत मला पटत नाही. मल्टिमीटरची प्रत्येक रेंज आपापली वेगळी चूक घेऊन येते आणि या पद्धतीत त्या सगळ्या एकत्र गोळा होतात. त्यापेक्षा डिव्हायडर, रेफरन्स आणि एडीसी ही सगळी साखळी एकच पेटी समजा. वरून माहीत असलेलं व्होल्टेज द्या, खाली आलेला आकडा लिहा.

आधी मीटरची नऊ व्होल्टची बॅटरी नवी घाला. ती उतरली की स्वस्त मीटर गपचूप जास्त व्होल्टेज दाखवतात. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि शेवटपर्यंत रेंज बदलू नका. बेंच सप्लाय (हवं ते व्होल्टेज देणारा टेबलावरचा सप्लाय) नसेल तर लॅपटॉपचा १९ व्होल्टचा जुना ॲडॅप्टर आणि एलएम२५९६चं स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल पुरेसं आहे. मॉड्यूलचा स्क्रू फिरवून ११च्या आसपास आणा, मीटरचा आकडा लिहा, ६४ रीडिंगची सरासरी दशांशासह लिहा. मग १४.५च्या आसपास आणून पुन्हा तेच करा.

समजा ११.०२ व्होल्टला ६५२.८ आले आणि १४.४८ व्होल्टला ८५७.३ आले. व्होल्टेजमधला फरक ३.४६, आकड्यांतला २०४.५. भागाकार ०.०१६९१९, हा उतार. ६५२.८ला उताराने गुणलं की ११.०४५ येतात. ११.०२मधून ते वजा केले की उणे ०.०२५, ही सरक. यापुढे व्होल्टेज म्हणजे आकडा गुणिले उतार, अधिक सरक. याच बोर्डावर ७४६.२ आकडा आला तर बॅटरी १२.६० व्होल्ट आहे. कॅलिब्रेशन न करता १.१ धरून गणित केलं असतं तर १२.८३ आले असते, म्हणजे लोड काढून ठेवलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीपेक्षाही जास्त. १०२३ने भागायचं की १०२४ने, हा वादही इथे संपतो, कारण उतार मोजून काढलेला आहे.

शून्य व्होल्ट हा एक बिंदू म्हणून घेऊ नका. एडीसीची सरक उणे बाजूला असेल तर शून्याला शून्यच दिसेल आणि चूक लपून राहील. दोन बिंदू फार जवळही नकोत. १२.३ आणि १२.७ घेतले तर मीटरच्या शेवटच्या अंकाची चूक उतारात पाच टक्क्यांपर्यंत शिरू शकते, आणि १४.५ला पोचेपर्यंत ती ०.१ व्होल्टच्या जवळ जाते.

हे सगळं बोर्ड त्याच्या खऱ्या डब्यात, अर्धा तास चालू राहून तापल्यावर करा. नंतर १२.६च्या आसपास तिसरं व्होल्टेज देऊन तपासा. या जोडणीत एडीसीच्या आकड्यातल्या एका पायरीची किंमत १७ मिलिव्होल्ट आहे, तेव्हा दोन पायऱ्यांहून जास्त फरक आला तर गणिताच्या मागे लागण्याआधी ग्राउंडची वायर बघा.

आकडे साठवणं

उतार आणि सरक ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमधल्या मेमरीत) एकदाच लिहा, लूपमध्ये (प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या भागात) कधीच नाही. त्याची लिहिण्याची हमी एक लाख वेळांची आहे आणि लूप ती काही मिनिटांत संपवतो. एका बोर्डाचे आकडे दुसऱ्या बोर्डात घालू नका. चिप किंवा रेझिस्टर बदलला की दोन्ही बिंदू पुन्हा घ्या.

ईएसपी३२ वापरत असाल तर

वाय-फाय असलेल्या या चिपच्या एडीसीत रेषा सरळ नाही, टोकांना वाकते, त्यामुळे कच्च्या आकड्यावर दोन बिंदूंची पद्धत चालवू नका. ॲनालॉगरीडमिलिव्होल्ट्स हे फंक्शन वापरा, ते चिपमध्ये कारखान्यातच लिहिलेलं कॅलिब्रेशन वाचतं. ११ डेसिबलच्या सेटिंगला (आत येणारा सिग्नल कमी करून मोजण्याची रेंज वाढवणारं सेटिंग) पिनवर १५० ते २४५० मिलिव्होल्टच्या आतच राहील असा डिव्हायडर निवडा. वाय-फाय चालू ठेवणार असाल तर एडीसी-दोनच्या (या चिपमधल्या दुसऱ्या एडीसीच्या) पिना सोडून द्या. मग त्या मिलिव्होल्टवर वरचेच दोन बिंदू घ्या.