पेन्सिलीच्या सावलीने शोधा खरी पूर्व

पूर्व कुठे, असं विचारलं की मुलं सूर्य उगवतो तिकडे हात करतात. डिसेंबरात मुंबई-पुण्याकडे सूर्य खऱ्या पूर्वेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेला सरकून उगवतो, म्हणजे हात चुकीच्या दिशेला जातो. हे मुलांना सांगू नका. एका सुट्टीच्या दिवशी गच्चीवर त्यांनाच सापडू द्या.

लागेल ते: कॅरमबोर्ड, त्यावर चिकटवायला कार्डशीट, टोक केलेली नवी पेन्सिल, खेळण्याची माती, कंपासपेटी, दोरा आणि मूठभर चिंचोके.

कार्डशीटच्या मध्यबिंदूतून दोन आडव्या-उभ्या रेघा कडेपर्यंत ओढा, कारण मध्यबिंदू पुढे मातीखाली झाकला जाणार आहे. त्याच मध्यातून दोऱ्याने 15, 20 आणि 25 सेंमी त्रिज्येची वर्तुळं काढा. पेन्सिल मातीच्या गोळ्यात मध्यावर रोवा आणि टोकावर हरभऱ्याएवढी मातीची गोळी बसवा. गोळीचा मध्य कागदापासून 15 सेंमी उंच हवा. ही गोळी वगळू नका. सूर्य बिंदू नसून तबकडी आहे, त्यामुळे नुसत्या टोकाची सावली पुसट पडते आणि खूण नेमकी कुठे करायची यावरून भांडणं होतात. गोळीच्या सावलीचा मध्य मात्र सहज दिसतो.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा दोन गोष्टींमुळे. पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. बोर्डावर पाण्याची ताटली ठेवून पाहा आणि खालच्या कडेला घडी घातलेला कागद सारून बोर्ड समतल करा. दुसरं म्हणजे पेन्सिल कलते. कंपासपेटीतला गुण्या दोन बाजूंनी लावून ती सरळ करा. नंतर बोर्ड तसूभरही हलता कामा नये. चारही कोपऱ्यांशी खडूने खुणा करून ठेवा. साडेनऊ ते साडेतीन कठड्याची सावली येणार नाही अशी जागा निवडा.

दर अर्ध्या तासाने सावलीवर ठिपका द्या आणि शेजारी वेळ लिहा. ठिपक्याआधी प्रत्येकाने आपला चिंचोका ठेवायचा: पुढची सावली कुठे असेल? खरी मजा इथेच आहे. बक्षीस वगैरे ठेवायची गरज नाही. सावली वर्तुळाला टेकते ते क्षण मात्र हुकवू नका. डिसेंबरात पुण्यात 25 सेंमीच्या वर्तुळाला ती साधारण पावणेदहाला आणि दुपारी सव्वातीन-साडेतीनला टेकते. ढग आला तर आतली वर्तुळं आहेतच.

एकाच वर्तुळावरचे सकाळचा आणि दुपारचा असे दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. शुल्बसूत्रांच्या, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांच्या काळापासून ही रीत आपल्याकडे आहे. अरबी खगोलशास्त्रज्ञ तिला ‘हिंदी वर्तुळ’ म्हणत. मोबाइलच्या होकायंत्राशी ताडून पाहा. फरक मोठा आला तर आधी होकायंत्रावर संशय घ्या, कारण स्लॅबमधल्या लोखंडाने आणि कव्हरच्या चुंबकाने ते बिघडतं.

मग कागद मुलांपुढे ठेवा आणि विचारा, सर्वांत आखूड सावली बाराला का नाही पडली? भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि एका अंशाला 4 मिनिटं लागतात. मुंबई साधारण 73 अंशावर, म्हणून तिथली माध्यान्ह सरासरी 38 मिनिटं उशिरा. वजाबाकी-गुणाकार मुलांनाच करू द्या. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, एवढा एकच नियम कडक ठेवा.

बोर्ड मे महिन्यासाठी जपून ठेवा. कोल्हापुरात 6-7 मे, पुण्यात 13-14, मुंबईत 15-16, नाशकात 20 आणि नागपुरात 26 मेच्या सुमारास सूर्य भरमाध्यान्ही डोक्यावर येतो आणि गोळीची सावली पेन्सिलीच्या पायाशीच पडते. पुण्यात ही वेळ साडेबाराची, नागपुरात बारा-दहाची. जुलैअखेर मुंबई-पुण्यात पुन्हा तसाच दिवस येतो, पण तो बहुधा ढगांत जातो. दिल्लीच्या मावसभावाला फोन करून विचारायला सांगा, त्यांच्याकडे असा दिवस कधी येतो का?